एक माणूस पुरतो का?

"आमचं काही ऐकत नाही हो, तुम्ही जरा दोन शब्द सांगून बघा ना." हे वाक्य कधी ऐकावं लागलं नाही असा शिक्षक, मामा, फॅमिली डॉक्टर किंवा तालमीतला वस्ताद सापडणं कठीण. ज्याच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं तो शेजारीच मान खाली घालून मोबाइलवर अंगठा फिरवत बसलेला असतो. बारावीला दोनदा नापास, मित्र नको तसले, घरातले पैसे गायब होतात, परवा कुणाचं तरी डोकं फोडून आलाय. आई बोलते, वडील गप्प असतात. मग आपण दोन शब्द सांगतो. मुलगा 'हो' म्हणतो. आठवड्याभरात सगळं मागच्या पानावरून पुढे सुरू.

अशा वेळी मनात दोन प्रश्न येतात. आई-बापांखेरीज दुसऱ्या माणसाचा इथे काही उपयोग होतो का? आणि होत असेल, तर त्याने पाठीवरून हात फिरवायचा की कान पिळायचे?

१. कावाई बेटावरची मुलं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला हवाई बेटांपैकी कावाई नावाच्या बेटावर जावं लागेल. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन संशोधक स्त्रियांनी ठेवला, तोही मुलं चाळिशीला येईपर्यंत. यांतल्या साधारण एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला जन्मापासूनच खडतर परिस्थिती आली होती. गरिबी, घरातली भांडणं, दारू, आई किंवा वडिलांचा मानसिक आजार, यांतल्या एकदोन नव्हे तर अनेक गोष्टी एकाच घरात. अशा मुलांचं वाटोळं होणार हे आपण धरूनच चालतो. त्यांतली बरीच अठराव्या वर्षापर्यंत अडचणीत सापडलीही. पण दर तीन मुलांमागे एक मूल सरळ वाढलं, शिकलं, कामाला लागलं, संसार नीट करू लागलं.

या तिसऱ्या मुलाकडे काय होतं? उत्तरं अनेक निघाली. त्यांतलं एक पुन्हापुन्हा दिसलं: त्याच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. ते आई-बापच असायला हवं असं नव्हतं. आजी चालली, शेजारीण चालली, शाळेतल्या बाई चालल्या.

इथे एक खोच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ही निभावून गेलेली मुलं तान्हेपणीही बहुधा हसरी, अंगाशी येणारी होती. गोड पोराला माणसं मिळतातच. आपल्यासमोर बसलेला मुलगा मात्र माणसं तोडण्यात पटाईत झालेला असतो. एका माणसाने फरक पडतो एवढं कावाई सांगतं. तो माणूस काटेरी पोराजवळ टिकणार कसा, हे दुसरीकडे शोधावं लागतं.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आई-बापांना आवर्जून सांगावी अशी. अठराव्या वर्षी वाया गेलेल्या दिसणाऱ्या मुलांपैकी पुष्कळजण तिशीत सावरलेले आढळले.

२. आपण बोलतो तेव्हा तो काय बघत असतो?

पौगंडावस्थेतल्या मुलांना धोका कळत नाही, असं आपण म्हणतो. त्यांना तो बऱ्यापैकी कळतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायची हे आपण ठरवायचं. तेरा ते सोळा वर्षांची मुलं एकटी खेळली, तेव्हा त्यांनी मोठ्यांपेक्षा फार वेडेपणा केला नाही. दोन मित्र शेजारी बसवल्यावर मात्र धोका पत्करणं साधारण दुपटीवर गेलं. चोविशीच्या पुढच्यांना मित्रांच्या असण्याने जवळजवळ काही फरक पडला नाही. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पुरता तयार व्हायला विशी ओलांडावी लागते. तोवर मित्रांच्या डोळ्यांतली वाहवा फार मोठी असते.

यातून पहिली व्यवहारी गोष्ट निघते. चारचौघांत काहीही बोलू नये. रागवायचं असेल तर एकट्याला गाठावं. कट्ट्यावर मित्रांदेखत कान उपटलेला मुलगा आपलं म्हणणं ऐकतच नसतो. मित्रांसमोर आता तोंड कसं राखायचं, एवढाच हिशोब त्याच्या डोक्यात चाललेला असतो.

दुसरी गोष्ट समजायला जास्त अवघड आहे. ज्याला एकदोन मोठ्या माणसांनी वाऱ्यावर सोडलंय, तो नव्या माणसाची परीक्षा घेतो. भेटायला बोलावून येत नाही. उलट बोलतो. मुद्दाम शिवी देऊन तुमचा चेहरा बघतो. त्याला पाहायचं असतं की हा माणूस कितव्या दिवशी 'गेलास खड्ड्यात' म्हणतो. ते म्हणून झालं की त्याचा जीव भांड्यात पडतो, कारण आपलं जगाबद्दलचं मत खरं ठरलं.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात आउगुस्ट आयशहॉर्न नावाचा शिक्षक बिघडलेल्या मुलांचं वसतिगृह चालवत होता. तिथल्या सगळ्यांत मारकुट्या मुलांचा त्याने वेगळा गट केला आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं, काहीही झालं तरी यांच्यावर हात उगारायचा नाही. मुलांनी सामान मोडलं, काचा फोडल्या, धिंगाणा वाढतच गेला. शेवटी एका टोकाला जाऊन तो ओसरला आणि त्याच पोरांना रडू फुटलं. समोरून अपेक्षित मार आलाच नाही, तेव्हा पुढे काय करायचं हेच त्यांना कळेना. १९२५ साली आयशहॉर्नने यावर पुस्तक लिहिलं, त्याला प्रस्तावना सिग्मंड फ्रॉइडची. हा प्रयोग घरी करू नये. एकही कपबशी शिल्लक राहायची नाही. पण परीक्षा चालू आहे एवढं ओळखलं, तरी उलट उत्तर आपल्या जिव्हारी लागणं कमी होतं.

३. कडक कशाबाबत, मऊ कुणाशी?

आता दुसरा प्रश्न. कडकपणा आणि माया ही एकाच पट्टीची दोन टोकं आहेत, एक वाढलं की दुसरं कमी होणार, अशी आपली समजूत असते. म्हणून घरात कामाची वाटणी होते: वडील धाक दाखवणार, आई पदराखाली घेणार. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात अनेक कुटुंबांचं निरीक्षण केलं. त्यांचं आणि पुढच्या संशोधकांचं म्हणणं असं की या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. तुम्ही मुलाकडून किती अपेक्षा ठेवता ही एक आणि त्याच्याशी किती आपुलकीने वागता ही दुसरी. दोन्हीकडे वर असलेल्या घरांतली मुलं साधारणपणे सगळ्यांत बरी निघाली. नुसत्या धाकाची आणि नुसत्या लाडाची, दोन्ही मागे पडली.

हे व्यवहारात कसं दिसतं, ते एक प्रसंग कल्पून बघू.

दुचाकींचं गॅरेज. सतरा वर्षांचा पोरगा, शाळा सुटलेली, हाताखाली काम शिकतोय. आठवड्याला दीड हजार मिळतात. शनिवारी संध्याकाळी गल्ल्यात आठशे रुपये कमी भरतात. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतंय की ते यानेच घेतलेत. मालकापुढे दोन मळलेल्या वाटा आहेत. एक, सगळ्यांसमोर कानाखाली वाजवायची आणि वर ऐकवायचं, "बापावरच गेलास." दुसरी, घरी अडचण असेल बिचाऱ्याच्या, म्हणून काणाडोळा करायचा. पहिल्या वाटेने पोरगा गॅरेज सोडतो. दुसऱ्या वाटेने तो पुढच्या शनिवारी बाराशे उचलतो.

तिसरी वाट अशी. बाकीची पोरं गेल्यावर, शटर अर्धं खाली ओढून:

"गल्ल्यातले आठशे तू घेतलेस."

"मी नाय घेतले काका."

"कॅमेऱ्यात दिसतंय. आज वाद नको, तुझंही डोकं ठिकाणावर नाही, माझंही नाही. सोमवारी नऊला ये."

सोमवारी तो येतो. साडेनऊला, पण येतो.

"हे बघ. दर शनिवारी शंभर कापणार, आठ शनिवार. तोवर गल्ल्याची किल्ली माझ्याकडे. आठवा शनिवार झाला की विषय संपला, मी परत काढणार नाही. पैसे कशाला लागले ते सांगावंसं वाटलं तर सांग. आता ती अ‍ॅक्टिव्हा घे, स्टार्टिंगचा प्रॉब्लेम आहे. प्लग काढून बघ काळा पडलाय का."

यात आवाज कुठेही चढलेला नाही आणि एक रुपयाही माफ झालेला नाही. चोरीला चोरीच म्हटलंय, मुलाला चोर म्हटलेलं नाही. आणि शिक्षेला शेवटची तारीख आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत नेमकी हीच गोष्ट नसते. नववीत केलेला उद्योग लग्नाच्या बोलणीपर्यंत निघत राहतो. मग पोरगं विचार करतं, नाव तर कायमचं खराब झालंय, मग आता सरळ वागून मिळवायचं काय?

शेवटचं अ‍ॅक्टिव्हाचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. कालच्या चोराच्या हाती आज गिऱ्हाइकाची गाडी दिलीय. विश्वास शब्दांत सांगितला तर पोरं ओशाळतात. तो कामातून दिला की निमूट घेतात.

आणि मालकाने स्वतः काय पाळायचं? नवव्या शनिवारी शंभर कापायचे नाहीत, आणि दिवाळीला पैसे कमी भरले तर पहिली नजर त्याच्याकडे वळवायची नाही. हे आठशे वसूल करण्यापेक्षा कितीतरी अवघड.

४. सुधारायला जाऊ नका, बॉल घेऊन जा

अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' नावाची संस्था शतकाहून जास्त काळ एक साधं काम करतेय: एक मूल आणि एक परकं मोठं माणूस यांची जोडी लावून द्यायची, त्यांनी नेमाने भेटायचं. १९९०च्या दशकात क्रिस्टिन मोरो आणि मेलनी स्टाइल्स या दोघींनी अशा ८२ जोड्या जवळून पाहिल्या. काही मोठी माणसं पहिल्या दिवसापासून दुरुस्तीला लागली होती: अभ्यास किती केलास, शिव्या सोड, ध्येय काय तुझं? काहींनी आधी मुलाला काय आवडतं ते विचारलं, त्याच्याबरोबर मासे धरायला गेले, मॅच बघितली, उपदेश मागे ठेवला. पहिल्या प्रकारच्या जोड्या पुढच्या काही महिन्यांत मोठ्या प्रमाणावर मोडल्या. दुसऱ्या प्रकारच्या बहुतेक टिकल्या, आणि गंमत म्हणजे त्यांतली मुलंच पुढे आपल्या अडचणी आपणहून काढू लागली.

आपल्याकडे याचं उदाहरण नागपुरात आहे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात झोपडपट्टीतली पोरं एक मोडकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी त्यांच्यासाठी फुटबॉल आणला. २००१ साली त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला, पुढे 'स्लम सॉकर' म्हणून तो देशभर पोचला आणि इथले खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेले. नागराज मंजुळे यांचा २०२२चा 'झुंड' या कामावरच बेतलेला आहे. सिनेमात अमिताभ बच्चन असल्यामुळे भाषणं लक्षात राहतात. प्रत्यक्षात अशा कामात बोलण्यापेक्षा मैदानावर रोज उभं राहणं जास्त असतं.

खेळाचा एक फायदा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. रेफरीने शिट्टी मारली की फाउल झाला. त्यात कुणाचा बाप काढलेला नसतो, कुणी भावनिक झालेलं नसतं, आणि दोन मिनिटांनी तोच पोरगा पुन्हा बॉलमागे धावत असतो. नियम म्हणजे अपमान नव्हे, हे ज्याला घरी कधी अनुभवायला मिळालं नाही, त्याला ते इथे पायांनी कळतं. फुटबॉलच हवा असं नाही. ढोल-ताशा पथक, कुस्तीचा आखाडा, सुतारकाम, गणपतीचा देखावा, काहीही चालेल. दोघांचे हात कामात आणि नजर तिसऱ्याच गोष्टीवर असली की मुलगे जास्त बोलतात. समोरासमोर खुर्च्या टाकून "बोल, काय प्रॉब्लेम आहे?" म्हटलं की तोंडाला कुलूप.

मुलींबाबत एवढंच सांगतो की त्यांचं बिघडणं बऱ्याचदा आवाज करत नाही. जेवण सुटतं, मैत्रिणी सुटतात, दार बंद राहतं, आणि घरचे 'शांत झाली हल्ली' म्हणून खूश असतात.

५. वर्षभर जमणार नसेल तर

चांगल्या हेतूने केलेली मदत नुकसान तर करणार नाही, असं आपल्याला वाटतं. करू शकते.

'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स'च्याच कामाची १९९०च्या दशकात मोठी तपासणी झाली. १,१३८ मुलांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्यांना लगेच जोडीदार दिला, निम्म्यांना प्रतीक्षायादीत ठेवलं. दीड वर्षाने पाहिलं तर जोडीदार मिळालेल्यांमध्ये नव्याने अमली पदार्थांकडे वळणाऱ्यांचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होतं आणि मारामारीचं जवळपास एक तृतीयांशाने. आकडे झकास आहेत. पण जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी २००२ साली हीच माहिती वेगळ्या पद्धतीने मांडली: जोडी किती काळ टिकली? खरा फायदा वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत होता. तीन महिन्यांच्या आत मोडलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट खचला होता. विरजण लावलेलं भांडं सारखं हलवून बघितलं की दही लागत नाही आणि दूधही वापरण्याजोगं उरत नाही, तसाच प्रकार.

याहून थंड पाणी ओतणारी गोष्ट बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांतली आहे. रिचर्ड कॅबट या डॉक्टरांच्या पुढाकाराने तिथे १९३९ ते १९४५ या काळात ५०६ मुलग्यांवर प्रयोग झाला. निम्म्यांना घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं मिळालं; निम्म्यांना काही नाही. तीस वर्षांनी जोन मकॉर्ड यांनी ही मुलं, म्हणजे आता प्रौढ पुरुष, शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी अनेकांनी 'फार उपयोग झाला' असं सांगितलं. नोंदी मात्र वेगळंच बोलत होत्या: गुन्हे, दारू, आजारपण अशा अनेक बाबतींत मदत मिळालेला गट किंचित वाईट निघाला. कारणांवर आजही वाद आहे. युद्धामुळे समुपदेशक सोडून जात राहिले, नवे येत राहिले. आणि शिबिरांत एकाच तऱ्हेची उनाड पोरं एकत्र बांधली गेली, तिथे त्यांनी एकमेकांना काय शिकवलं असेल ते सांगायला नको. हे दुसरं कारण मला जास्त पटतं. सगळी बिघडलेली मुलं एका खोलीत कोंबून त्यांना संस्कार शिकवणारी शिबिरं आपल्याकडेही जोरात चालतात.

तेव्हा सुरुवातीलाच स्वतःला विचारावं: आठवड्याला एक तास, निदान वर्षभर, जमेल का? जमणार नसेल तर दोन शब्द सांगून मोकळं होणं प्रामाणिकपणाचं. जमणार असेल तर वार आणि वेळ ठरवावी. 'बघू, फोन कर' ही वेळ नव्हे. भेटी उघड्यावर, लोकांच्या नजरेत आणि घरच्यांना माहीत असलेल्या ठिकाणी असाव्यात. यात मुलाचं आणि आपलं, दोघांचंही संरक्षण आहे.

६. 'कुणाला सांगणार नाही' असं म्हणू नये

विश्वास बसायला लागला की एक दिवस तो म्हणतो, "काका, एक सांगतो, पण कुणाला सांगायचं नाही." आपण भारावून शब्द देतो, तिथेच पेच होतो. उत्तर आधीच तयार ठेवावं: "तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. बाकी सगळं माझ्यापाशी राहील."

हे नुसतं शहाणपण नाही, कायदाही आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजल्यावर पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. स्वतःला संपवण्याची भाषा, व्यसन, भास होणं, ही एकट्याने पेलायची ओझी नव्हेत. मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक, मुलांसाठी १०९८, व्यसनासाठी पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण, असे आधार आहेत. तिथवर त्याच्याबरोबर जाणं आणि बाहेरच्या बाकावर बसून राहणं, हे आपलं काम.

आणि पोलिसांनी उचललंच तर? अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरचा, शाळेचा, सोबतीचा अहवाल देतो. २०१५च्या बाल न्याय कायद्यात मंडळाला अशीही मुभा आहे की मुलाला चांगल्या वर्तनाच्या अटीवर सोडायचं आणि पालकाच्या किंवा एखाद्या 'योग्य व्यक्ती'च्या देखरेखीखाली ठेवायचं, जास्तीत जास्त तीन वर्षं. सोळाच्या पुढच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल तर प्रौढांसारखा खटला चालू शकतो; एरवी त्या प्रकरणाचा डाग पुढच्या नोकरीधंद्याला आडवा येऊ नये अशी तरतूद आहे. ही गोष्ट मुलाला कुणीतरी सांगायला हवी. रिमांड होममध्ये गेलो म्हणजे आयुष्य संपलं, अशीच बहुतेकांची समजूत असते.

७. सुधारतोय हे कशावरून ओळखायचं?

घरचे मार्कांकडे बघतात. मार्क सगळ्यांत शेवटी येतात, कधीकधी येतही नाहीत. आधी दिसतात त्या बारीक गोष्टी. उशीर होणार असेल तर तो फोन करतो. 'मी नाय केलं' ऐवजी 'झालं माझ्याकडून' म्हणतो. भांडण झालं तरी पुढच्या ठरल्या वारी हजर असतो. वाईट बातमी दुसऱ्याकडून कळण्याआधी स्वतः सांगतो, ही तर मोठीच मजल.

मध्ये तो घसरणार. चारपाच महिने सुरळीत गेल्यावर तर हटकून, आणि तेव्हा घरचे म्हणणार, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" अशा वेळी जुनाच नियम, तोच आवाज, तीच भेटीची वेळ. आधी पाच दिवसांनी गल्ल्याला हात लागायचा आणि आता पाच महिन्यांनी लागला, तर हे घसरणं पहिल्यासारखं नाही, हेही त्याला सांगावं.

कधी आपलीच बदली होते, घरी आजारपण निघतं, भेटी थांबवाव्या लागतात. निदान महिनाभर आधी सांगावं, खरं कारण सांगावं, आणि शेवटच्या दोनतीन भेटींत त्याची दुसऱ्या कुणाशी तरी गाठ घालून द्यावी: वस्ताद, शाळेतल्या बाई, पथकातला दादा. तिघांनी एकत्र बसून चहा घ्यावा आणि पुढच्या भेटीचा वार त्या नव्या माणसाने त्याच्यासमोरच ठरवावा.